विंगेविना रंगभूमी : सातारा-सांगलीच्या रिंगणनाट्याची पूर्वपीठिका

रिंगणनाट्य म्हणजे ज्यात नट मध्यभागी आणि प्रेक्षक त्याच्या चहूबाजूंनी असतात, ज्याला पडदा, विंग, नेपथ्य आणि प्रकाशयोजना यांपैकी कशाचीच गरज भासत नाही आणि जे शाळेच्या पटांगणात, देवळासमोरच्या मोकळ्या जागेत किंवा आठवडी बाजारात सारख्याच सहजतेने उभे राहते असे नाटक. या नावाने हा प्रकार महाराष्ट्रात रूढ झाला तो २०१४ पासून, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी तो हाती घेतला तेव्हा. त्यामुळे तो एका शोकाच्या आणि संतापाच्या प्रसंगातून अचानक जन्मला, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातील गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर ज्या ज्या वेळी येथे एखादा विचार लोकांपुढे उघडपणे मांडण्याची आणि त्याचे उत्तर तेथल्या तेथे ऐकून घेण्याची गरज निर्माण झाली, त्या त्या वेळी मांडणारे नाट्यगृह सोडून रिंगणात आले, असे दिसून येते.

या विवेचनात सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे एकत्र घेतले आहेत, त्याला प्रशासकीय इतिहासाचा आधार आहे. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके ब्रिटिश काळात सातारा जिल्ह्यातच होते. सांगली, मिरज, जत ही संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये त्यांचा मुलूख आणि हे तालुके मिळून ‘दक्षिण सातारा’ हा नवा जिल्हा करण्यात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कागदपत्रांत ज्याला ‘सातारा’ म्हटले आहे, त्यातील पुष्कळसा भाग आज सांगलीत आहे, आणि कुंडल, वाटेगाव, रेठरे हरणाक्ष ही या इतिहासातील महत्त्वाची गावे याच भागातली आहेत.

नाटक या संस्थेचा उदय होण्याआधीपासून या प्रदेशातील खेळ आणि विधी वर्तुळातच होत आले. गोंधळ घराच्या अंगणात मांडला जाई. चौक भरून, दिवटी पेटवून, संबळाच्या साथीने नायक आख्यान लावी आणि घरची माणसे भोवती बसत. डोंबाऱ्याला आणि गारुड्याला तर रिंगण केल्याखेरीज खेळच सुरू करता येत नसे, कारण भोवतीचे कडे हीच त्यांच्या रंगमंचाची हद्द होती. पंढरीच्या वारीतील ज्या सोहळ्याला रिंगण म्हणतात आणि ज्यात माऊलींचा अश्व वारकऱ्यांच्या मधून धावतो, त्यातील पहिले, म्हणजे उभे रिंगण ज्ञानेश्वरांच्या पालखीच्या वाटेवर सातारा जिल्ह्यातच, तरडगावजवळ चांदोबाचा लिंब येथे होते. तेथे वारकरी वर्तुळ न करता दुतर्फा रांगा धरतात, तरी पाहणारा आणि ज्याला पाहायचे तो यांच्यामध्ये आडपडदा नसतो.

तमाशा याच परंपरेतला, आणि रिंगणनाट्याच्या दृष्टीने सर्वांत जवळचा. जत्रेतील मूळचा तमाशा जमिनीवर, माणसांच्या कड्याच्या आत उभा राहत असे. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणे धरणारा सुरत्या आणि कडव्याची अखेर उचलून धरणारे झीलकरी हे नाचणाऱ्या-बोलणाऱ्यांच्या मागे उभे राहत. पण ते ‘मागे’ एका जागी पक्के नसे, खेळाबरोबर वळत असे. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि शेवटी वग असा त्याचा क्रम असून, गण म्हणजे आरंभीचे स्तवन, बतावणी म्हणजे सोंगाड्या आणि सरदार यांची हजरजबाबी बोलाचाली, तर वग म्हणजे पद्य आणि उत्स्फूर्त गद्य यांत रचलेले कथानाट्य होय. वगातील संवाद बहुधा लिहिलेले नसत. कथानकाची वळणे ठरलेली असत आणि मधले बोलणे समोरच्या गावाकडे पाहून केले जाई. गावच्या पाटलाचे नाव, त्या वर्षीचा पाऊस, बाजारातील भाव हे सोंगाड्याच्या तोंडी सहज येई आणि कड्यातून एखादा उलट बोलला तर त्यालाही खेळात जागा मिळे. रेठरे हरणाक्ष येथे १८६६ मध्ये जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, यांनी जन्माने मिळालेले कुळकर्णपण मागे टाकून या फडात उडी घेतली, ती केवळ लावणीच्या ओढीने, असे बहुतेक चरित्रकारांचे म्हणणे. परंतु महार-मांग-कोल्हाटी कलावंतांच्या बरोबरीने त्याच जमिनीवर उभे राहणे ही त्या काळात ओढीपेक्षा मोठी गोष्ट होती.

मराठी नाटकाचा आरंभही याच प्रदेशात झाला. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्यासमोर कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ झाले, आणि तसे परंतु अधिक नीटनेटके खेळ मराठीत व्हावेत या त्यांच्या इच्छेवरून विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ उभे केले; ५ नोव्हेंबर हा दिवस त्या स्मृतीप्रीत्यर्थ मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार आपल्या साथीदारांसह आरंभापासून अखेरपर्यंत प्रेक्षकांसमोर उभा राही, पदे तोच गाई आणि पात्रे त्या पदांच्या आशयानुसार स्वतःचे बोलणे रचत. विदूषक मध्येच लोकांशी बोले. राक्षसांच्या आरडाओरडीमुळे पुढील पिढीने या नाटकांना ‘अललडुर्र’ असे काहीसे तुच्छतेने म्हटले. त्या शब्दातील तुच्छता बाजूला ठेवून पाहिले तर हे खेळ रचनेने वगाच्या फार जवळचे होते, हे मान्य करावे लागते. सूत्रधार लपत नव्हता आणि नट पाठ केलेले वाक्य म्हणत नव्हता.

बदल झाला तो राजाश्रय संपल्यावर. १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले, भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले आणि १८५३ मध्ये त्यांचे खेळ मुंबईच्या ग्रँट रोड थिएटरात झाले. हे थिएटर १८४६ साली इंग्रजी धाटणीने बांधलेले होते. त्यात कमानी रंगमंच होता, म्हणजे ज्याच्या तीन बाजू बंद असून चौथी, कमानीने चौकट केलेली बाजू तेवढी प्रेक्षकांकडे उघडी असते असा मंच. एकदा मराठी नाटक या कमानीत गेले ते तेथेच रमले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने सूत्रधाराचे गाणे पात्रांच्या तोंडी दिले, रंगवलेले पडदे आले, विंगेत प्रॉम्प्टर उभा राहिला. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आणि सांगलीतच जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी या कमानीतल्या नाटकाला जी उंची दिली तिच्याविषयी येथे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. देवलांच्या ‘शारदे’ने (१८९९) जरठ-कुमारी विवाहासारखा जळता प्रश्न पांढरपेशा घरांत नेला, हे निर्विवाद आहे. तथापि त्या प्रश्नावर प्रेक्षकाने काय म्हणावे याची सोय कमानीत नव्हती. त्याने रडावे, टाळ्या वाजवाव्यात, ‘वन्स मोअर’ द्यावा आणि घरी जावे.

कमानी नाटकाची आणखी एक अडचण सरकारने लवकर ओळखली. १८७६ चा नाट्यप्रयोगविषयक कायदा सरकारला आक्षेपार्ह वाटणारे प्रयोग थांबवण्याचा अधिकार देत होता, आणि छापील संहिता, जाहिरात, तिकीट व नोंदलेले थिएटर या चारही गोष्टी ज्या नाटकाला लागतात त्याच्यावर हा कायदा चालवणे सोपे होते. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि कीचकाच्या रूपात कर्झन दिसतो म्हणून १९१० मध्ये त्यावर बंदी घालण्यात आली. याच काळात खेड्यातील कड्यात जे बोलले जात होते ते कोणत्याच कागदावर नव्हते. तमाशाला राजकीय अर्थाने मोकळीक होती असे नव्हे, पण जप्त करण्याजोगे त्याच्याजवळ काही नव्हते.

ही शक्ती पहिल्यांदा जाणीवपूर्वक वापरली ती सत्यशोधकांनी. जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. त्यांनी १८७३ मध्ये पुण्यात स्थापलेला सत्यशोधक समाज विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत ज्या भागात सर्वांत खोल रुजला त्यात सातारा जिल्हा अग्रभागी होता, आणि १९१९ ते १९२१ या वर्षांत येथील कुळांनी भटजी-सावकारांच्या विरोधात जी चळवळ केली तिने सरकारी अधिकाऱ्यांनाही चकित केले. या प्रसाराचे मुख्य साधन होते सत्यशोधकी जलसा. जलसा म्हणजे तमाशाचाच साचा घेऊन त्यातला मजकूर बदललेला खेळ. गणातील देवतास्तुतीच्या जागी निर्मिकाचे, म्हणजे सृष्टी निर्माण करणाऱ्या एकाच शक्तीचे स्तवन आले. शृंगारिक लावणी गेली आणि तिच्या जागी शिक्षण, हुंडा, कर्ज, लग्नातील उधळपट्टी यांवरची पदे आली. बतावणीतील सरदार-सोंगाड्याच्या जोडीतून भटजी आणि त्याला प्रश्न विचारणारा शेतकरी अशी जोडी घडली.

येथे रूपाचा आणि आशयाचा फार जवळचा संबंध आहे, आणि सत्यशोधक चळवळीच्या अभ्यासकांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिले आहे असे वाटत नाही. पुरोहिताचा अधिकार ज्या मांडणीवर उभा असतो ती मांडणी एकतर्फी असते. गाभारा आत, यजमान उंबऱ्यात आणि बाकीचे बाहेर. मंत्र ज्याला कळतो तो एका बाजूला आणि ज्याला कळत नाही तो दुसऱ्या बाजूला. जलसा याच भटजीला कड्याच्या मधोमध आणून उभा करी, चारी बाजूंनी दिसेल असा, आणि त्याला मराठीत बोलायला लावी. जलशाने गावोगाव वाद निर्माण केले, भांडणे झाली, काही ठिकाणी कज्जे कोर्टापर्यंत गेले. परंतु गावाने रात्रभर उभे राहून तो पाहिला, याचे कारण नुसत्या प्रचारात सापडत नाही. ज्या खेळाची सवय गावाला आधीच होती, त्याच खेळात गावाचा स्वतःचा प्रश्न आला होता. पुढे आंबेडकरी जलशांनी हाच साचा घेतला आणि अस्पृश्यतेच्या प्रश्नासाठी तो अधिक धारदार केला.

१९४२ च्या आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात जे प्रतिसरकार चालले, त्याचे एक मुख्य केंद्र कुंडल होते. गावोगावची न्यायदान मंडळे, तुफान सेना, कमी खर्चाची गांधी-लग्ने असा त्याचा कारभार १९४३ ते १९४६ या काळात चालू राहिला, आणि शाहीर शंकरराव निकम यांच्यासारख्यांच्या डफाने त्याला आवाज दिला. न्यायदान मंडळापुढील सुनावणी ही नाट्यप्रयोग नव्हे, हे उघड आहे. तरीही फिर्यादी आणि आरोपी या दोघांनाही सबंध गावासमोर बोलायला लावणारी ही पद्धत, आणि जलशाच्या कड्यात भटजी-सावकाराला जाब विचारणारी पद्धत, या दोन्ही एकाच माणसांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. नाना पाटील स्वतः सत्यशोधकी वातावरणातून आलेले होते.

वाळवा तालुक्यातील वाटेगावात १९२० मध्ये जन्मलेले अण्णाभाऊ साठे यांनी गावाकडचा हा ठेवा मुंबईत नेला. घरच्या माणसांचा तमाशा त्यांनी लहानपणापासून पाहिला होता आणि काही काळ त्यात कामही केले होते. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ मध्ये त्यांनी लालबावटा कलापथक काढले. कलापथक म्हणजे एखाद्या चळवळीसाठी गाणारी-नाचणारी, वग करणारी छोटी मंडळी. तिचे सदस्य धंदेवाईक नट नसून बहुधा कार्यकर्तेच असतात. ‘अकलेची गोष्ट’ आणि ‘माझी मुंबई’ यांसारख्या वगांत अण्णाभाऊंनी गणाच्या जागी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणले, गौळणीतील शृंगार काढला, पण सोंगाड्या ठेवला, उत्स्फूर्त बोलणे ठेवले आणि गिरणी वस्तीतील चाळीच्या अंगणात किंवा मैदानात, माणसांच्या गराड्यात प्रयोग करण्याची पद्धतही ठेवली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले तेव्हा ‘लोकनाट्य’ हे नाव पुढे आले आणि त्या नावाखाली हा प्रकार सभ्य समाजातही मान्य झाला.

मान्यतेबरोबर मंचही उंच झाला. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य नाट्यगृहाच्या कमानीत शिरले आणि गाजले. दुसरीकडे खुद्द तमाशाचे फड तंबू, कनाती, तिकीट आणि ध्वनिवर्धक यांच्या आधाराने मोठे झाले. मिरज तालुक्यातील कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ ज्या तंबूत हजारो लोकांना हसवत, त्या तंबूत फळ्यांचा मंच एका टोकाला असे आणि लोक समोर. मायक्रोफोन एका जागी असला की नटही त्या जागेभोवती बांधला जातो. तमाशाच्या ऱ्हासाची चर्चा करताना सिनेमा आणि दूरदर्शन यांना नेहमी दोष दिला जातो, परंतु तमाशा कड्यातून बाहेर पडला तेव्हाच प्रेक्षकाचे उलट बोलणे त्याच्यापासून दूर गेले, हेही नोंदवले पाहिजे.

रिंगणाकडे परत जाण्याची हाक मग बाहेरून आली. पाश्चात्त्य देशांत कमानीला कंटाळलेल्या रंगकर्मींनी विसाव्या शतकाच्या मध्यावर वर्तुळाकार मंचाचा आग्रह धरला होता. अमेरिकेत डलास येथे मार्गो जोन्स यांनी १९४७ मध्ये, तर इंग्लंडमध्ये स्कारबरो येथील ग्रंथालयाच्या एका दालनात स्टीफन जोसेफ यांनी १९५५ मध्ये अशी छोटी नाट्यगृहे सुरू केली. तेथे मुख्य प्रेरणा कलेची आणि काटकसरीची होती. भारतात बादल सरकार यांनी १९७० च्या दशकात कोलकात्यात ‘तिसरी रंगभूमी’ मांडली ती मात्र वेगळ्या कारणाने. शहरी नाट्यगृह आणि ग्रामीण लोकनाट्य या दोन्हींच्या मर्यादा ओलांडणारी, पैशावर अवलंबून नसलेली आणि नट-प्रेक्षकांना एकाच पातळीवर, एकाच उजेडात आणणारी रंगभूमी त्यांना हवी होती. त्यांचे ‘मिछिल’ हे नाटक ‘जुलूस’ या नावाने अमोल पालेकरांनी मराठीत आणले आणि मुंबईच्या प्रायोगिक वर्तुळाला या मांडणीची ओळख झाली. दिल्लीच्या जन नाट्य मंचाने याच दशकात पथनाट्याला, म्हणजे रस्त्यावर थोडक्या वेळात करायच्या प्रचारनाट्याला, कामगार वस्त्यांत मानाचे स्थान मिळवून दिले. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळ ‘हल्ला बोल’चा प्रयोग चालू असताना हल्ला होऊन सफदर हाश्मी जबर जखमी झाले, दुसऱ्या दिवशी वारले, आणि ४ जानेवारीला त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जागी अपुरा प्रयोग पूर्ण केला.

साताऱ्याशी या घटनेचा धागा एका नाटककाराने जोडलेला आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपुरात वाढलेले गो. पु. देशपांडे यांचे जोतीराव फुल्यांवरील ‘सत्यशोधक’ हे नाटक १९९२ मध्ये जन नाट्य मंचाने हिंदीत केले, आणि पुढे सुमारे वीस वर्षांनी पुण्याचे दिग्दर्शक अतुल पेठे यांनी ते मराठीत उभे केले ते पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन. ज्यांनी कधी रंगमंचावर पाऊल ठेवले नव्हते अशा माणसांकडून ताकदीचे नाटक होऊ शकते, हा अनुभव पेठे यांच्या गाठीशी होता, आणि तो लवकरच कामी आला.

नरेंद्र दाभोलकर यांचा जन्म १९४५ मध्ये साताऱ्यात झाला, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात ते शिकले आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. या तिन्ही गावांत ते कबड्डीपटू म्हणूनही ओळखले जात. नाटकवाल्यांशी त्यांचे नाते जुने होते. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देण्यासाठी उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदींनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले, त्यामागे दाभोलकरांचे संघटन होते, पुढे साताऱ्यातच जन्मलेल्या लागूंबरोबर त्यांनी ‘विवेकजागराचा वाद-संवाद’ महाराष्ट्रभर केला, ज्यात देव मानणे आणि न मानणे यांवर दोघे व्यासपीठावर एकमेकांशी उघडपणे वाद घालत. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे मासिक वार्तापत्र सांगलीहून निघत आले. या समितीने पहिल्यापासून जे केले त्याला चमत्कार सादरीकरण म्हणतात, आणि रिंगणनाट्याची खरी तालीम तेथे झाली.

हातातून विभूती काढण्याचा चमत्कार कसा होतो ते कार्यकर्ता दाखवतो. राख तांदळाच्या पेजेत मळून तिच्या लहान गोळ्या करतात व वाळवतात. गोळी अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात धरली की उघडा तळहात रिकामाच दिसतो. मग हात हवेत फिरवत बोटे मिटायची आणि गोळी चुरून भक्ताच्या हातावर सोडायची. मंत्राने होम पेटवताना लाकडांखाली पोटॅशियम परमँगनेट टाकलेले असते आणि वरून ओतले जाणारे ‘तूप’ हे ग्लिसरीन असते. काही क्षणांत त्या दोहोंच्या संयोगाने आपोआप जाळ होतो. बुवाला हे करताना एक बाजू लपवावी लागते. त्याच्या मागे भिंत असते, पडदा असतो, निदान शिष्यांची रांग तरी असते. कार्यकर्ता तोच प्रयोग लोकांच्या कड्यात करतो, प्रथम चमत्कार म्हणून आणि मग सावकाश, बेचके वळवून सर्वांना दिसेल अशा रीतीने. कमानी रंगमंच आणि बुवाचा दरबार यांची मांडणी एकच आहे, दोहोंना विंग लागते. फरक इतकाच की नाटकाचा प्रेक्षक ती असल्याचे जाणतो. ज्या चळवळीचे सगळे म्हणणे ‘मागे काय आहे ते पाहा’ एवढ्यावर उभे आहे, तिने मागची बाजूच नसलेला मंच निवडावा यात योगायोग नाही.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते सुमारे अठरा वर्षे झगडत होते त्याचा वटहुकूम त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. कायदा झाला, पण त्याच्या अनुसूचीत नेमकी कोणती कृत्ये गुन्हा ठरवली आहेत आणि कोणती नाहीत, हे गावागावांत समजावून सांगायचे होते. शिवाय दाभोलकरांसारखा वक्ता आता नव्हता. अशा वेळी पेठे यांनी राजू इनामदार यांच्यासह समितीच्या कार्यकर्त्यांसाठी शिबिरे घेतली आणि २०१४ पासून महाराष्ट्रभर कार्यकर्त्यांचे छोटे गट रिंगणनाट्ये करू लागले.

पथनाट्यापासून हा प्रकार वेगळा ठेवण्यामागे विचार होता. पथनाट्य रहदारीशी स्पर्धा करते, म्हणून ते घोषणेवर आणि हातवाऱ्यांवर भर देते; रिंगणनाट्य आधी जागा निश्चित करते, लोकांना बसवते आणि मग हळू बोलण्याचेही धाडस करते. जमिनीवर फक्कीची रेघ ओढली जाते किंवा पहिल्या रांगेतील मुलांना अर्धगोलात बसवून कडे पुरे केले जाते. त्यामागे मोठी माणसे बसतात, त्यामागे उभी राहतात आणि दोन-तीन ठिकाणी नटांना ये-जा करण्यापुरती फट सोडली जाते. नटाची पाठ सतत कोणाकडे तरी असणारच, हे मान्य करून त्याला हालचाल शिकावी लागते. दोघे बोलत असतील तर समोरासमोर जवळ उभे न राहता वर्तुळाच्या दोन कडांजवळ तिरके उभे राहायचे, म्हणजे एकाची पाठ ज्यांच्याकडे आहे त्यांना दुसऱ्याचा चेहरा दिसतो. चार-सहा वाक्यांनंतर जागा बदलायची. महत्त्वाचे वाक्य एकाच बाजूला टाकायचे नाही. वेश बदलायला आडोसा नसल्याने एका उपरण्याने बुवा होतो आणि ते काढले की शिक्षक. नवख्याला हे जड जाईल असे वाटते, परंतु सभा-मोर्चे आणि चमत्कार सादरीकरण यांची सवय असलेल्या कार्यकर्त्याला ते धंदेवाईक नटापेक्षा लवकर जमते, कारण ‘प्रेक्षकांकडे तोंड’ ही मंचावरची सवय त्याला मोडावी लागत नाही.

सांगली जिल्ह्यात या प्रकाराचा सर्वांत लक्षणीय आविष्कार म्हणजे इस्लामपूरच्या कार्यकर्त्यांचे ‘सॉक्रेटिस ते दाभोलकर-पानसरे व्हाया तुकाराम’. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि चार दिवसांनी ते वारले, त्यानंतरचे हे नाटक आहे. प्रश्न विचारणाऱ्या माणसाला समाज काय शिक्षा देतो, या एका सूत्रावर अथेन्स, देहू, पुणे आणि कोल्हापूर ही स्थळे त्यात एकत्र आणली आहेत. सॉक्रेटिसाचे मराठी रंगभूमीवरील मोठे दर्शन याआधी मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये पेठे यांच्याच दिग्दर्शनाखाली झाले होते, ज्यात सॉक्रेटिसाची भूमिका लागूंनी केली होती, परंतु ते नाट्यगृहातले होते. रिंगणात सॉक्रेटिस आला की एक जुनी गोष्ट पुन्हा जिवंत होते. अथेन्सच्या बाजारात तो ज्या रीतीने बोलत असे, म्हणजे भोवती जमलेल्या कोणालाही प्रश्न विचारून आणि त्याच्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढून, ती रीत मुळातच रिंगणाची आहे. तुकारामाचे कीर्तनही तसेच. त्यामुळे या दोघांसाठी जी योजना दिग्दर्शकाला करावी लागली असती ती जागेनेच करून दिली, आणि वाळव्यासारख्या तालुक्यात, जेथे जलसा, प्रतिसरकार आणि अण्णाभाऊ हे सर्व एकाच मातीतले आहेत, तेथे अशा नाटकासाठी प्रेक्षक नव्याने तयार करावा लागला नाही.

या प्रकाराच्या मर्यादा स्पष्ट आहेत. नट म्हणून उभे राहणारे शिक्षक, विद्यार्थी, नोकरदार असल्याने प्रयोग सुट्ट्यांच्या दिवशी आणि परीक्षा टाळून करावे लागतात. कोणाची बदली झाली, कोणी शिकायला बाहेरगावी गेले की गट खिळखिळा होतो. पेटीत ठेवायला नेपथ्य नाही आणि विकायला तिकीट नाही, त्यामुळे हिशेबाच्या वहीतही त्याची खूण फारशी उरत नाही. साताऱ्याचे शाहू कलामंदिर, सांगलीचे विष्णुदास भावे नाट्यगृह, मिरजेचे बालगंधर्व नाट्यगृह या वास्तूंमुळे कमानी नाटकाचा इतिहास डोळ्यांसमोर राहतो. रिंगण मात्र माणसे उठली की उरत नाही. कलात्मक मर्यादाही आहे. संदेश आधी ठरलेला असला की बुवा नेहमी लबाड आणि भक्त नेहमी भाबडा होतो, आणि ज्याच्या घरात खरोखर आजारपण आहे, दवाखान्याला पैसा नाही, म्हणून जो बुवाकडे जातो, त्याला आपली बाजू नाटकात सापडत नाही. चांगल्या गटांनी हे ओळखून भक्ताच्या भीतीला जागा दिली आहे, आणि तेथे नाटक प्रचाराच्या पुढे गेले आहे.

प्रयोग संपल्यावर नट कड्यातच बसतात आणि चर्चा सुरू होते. दर्ग्याबद्दल, यल्लम्मेबद्दल, घरातल्या भानामतीबद्दल, ‘तुम्ही आमच्याच धर्मावर का बोलता’ याबद्दल प्रश्न येतात, आणि उत्तरे देताना कार्यकर्त्याला कायद्यातील कलमे, घटनेतील धर्मस्वातंत्र्य आणि वैद्यकशास्त्र या तिन्हींचा आधार घ्यावा लागतो. बतावणीतील सोंगाड्याला गावाकडून मिळणारे उलट उत्तर दीडशे वर्षांनी येथे पुन्हा नाटकाचा भाग झाले आहे. म्हणून या नाटकांचे संकलन जेव्हा होईल तेव्हा केवळ संहिता छापून भागणार नाही. कोणत्या गावात कोणता प्रश्न आला, कोणी विचारला, त्याला काय उत्तर दिले गेले आणि त्या उत्तराने पुढच्या गावातील प्रयोगात कोणते वाक्य बदलले, हेही गटांनी आपल्या वह्यांत उतरवून ठेवले पाहिजे, कारण सत्यशोधकी जलशांच्या बाबतीत नेमकी हीच नोंद फारशी हाती लागत नाही.